निगेटिव्ह रक्तगट, सातवा महिना आणि गावाकडचा प्रवास

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, रक्तगट बी निगेटिव्ह, नवऱ्याचा ओ पॉझिटिव्ह. मार्चच्या मध्याला वीस आठवडे पूर्ण झाले. नाव डोंबिवलीच्या दवाखान्यात घातले आहे, सासर मालवणजवळ, माहेर राजापूर तालुक्यात. गेल्या वर्षी नवव्या आठवड्यात गर्भ पडला, तेव्हा कसलेच इंजेक्शन दिले नव्हते. आताची कूम्ब्स टेस्ट निगेटिव्ह आली आहे. मे महिन्यात सासरी ओटीभरण, मग बाळंतपणाला माहेरी, तारीख ऑगस्टच्या सुरुवातीची. सासूबाई म्हणतात, पहिल्या बाळाला असले काही लागत नाही. निगेटिव्ह आईला देतात ते अँटी-डी इंजेक्शन खरेच लागते का, कधी आणि कुठे घ्यायचे, गेल्या वर्षी राहिले त्याचे काय, बाळाला काविळीचा धोका किती आणि ऐन वेळी रक्त लागले तर काय करायचे?

सगळ्यात आधी गेल्या वर्षीच्या गर्भपाताबद्दल बोलते, कारण तुमची खरी भीती तिथे आहे. इंजेक्शन राहिले, पण त्यामुळे नुकसान झालेच असे नाही. नवव्या आठवड्यात गर्भाच्या अंगात रक्तच इतके थोडे असते की त्यातले आईच्या रक्तात उतरून काही बिघडण्याची शक्यता कमी असते. आणि आता केलेली कूम्ब्स टेस्ट, म्हणजे रिपोर्टवर जिला आयसीटी लिहितात ती, निगेटिव्ह आहे. तुमच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्धच्या अँटीबॉडी, म्हणजे परक्या पेशींशी लढायला शरीर तयार करते ती प्रथिने, सापडलेल्या नाहीत. आज घाबरण्यासारखे काही नाही. ते पुढेही तसेच राहावे, एवढ्यासाठी बाकीची सगळी खटपट.

मात्र तो गर्भपात प्रत्येक नव्या डॉक्टरला न विचारता सांगा. घरच्यांच्या लेखी हे पहिले बाळ असले तरी तुमच्या शरीराच्या हिशेबात हे दुसरे गरोदरपण आहे. आपोआप पडलेला गर्भ, नळीत राहिलेला गर्भ, दुकानातून गोळ्या आणून घरीच मोकळे केलेले दिवस, हे सगळे त्या हिशेबात धरायचे असते. या शेवटच्या प्रकाराची मला फार काळजी वाटते. गोळ्या घेतल्याचे घरात कुणाला सांगितलेले नसते, रक्तगट कुणी तपासलेला नसतो आणि दोन-तीन वर्षांनी बाई ‘पहिलटकरीण’ म्हणून येते तेव्हा आयसीटी पॉझिटिव्ह असते. हे वाचणाऱ्या कुणाच्या बाबतीत असे झाले असेल तर डॉक्टरला एकटे गाठून सांगा. ते घरच्यांच्या कानावर घालायची गरज नसते.

आता मूळ भानगड काय आहे ते. तांबड्या पेशींवर ‘डी’ नावाचे एक प्रथिन असते. ते असले तर आपण पॉझिटिव्ह, नसले तर निगेटिव्ह. आपल्याकडे शंभरात साधारण पाच माणसे निगेटिव्ह असतात, युरोपात पंधराच्या आसपास. यात आजार काही नाही आणि निगेटिव्ह मुलीने पॉझिटिव्ह मुलाशी लग्न करू नये असेही काही नाही. अलीकडे पत्रिकेबरोबर रक्तगट विचारून चांगली स्थळे मोडताना मी पाहिली आहेत, आणि ज्या गोष्टीवर खात्रीचा उपाय आहे तिच्यासाठी लग्न मोडावे याचे वाईट वाटते. नवरा निगेटिव्ह असेल तर प्रश्नच नाही. तो पॉझिटिव्ह असेल आणि त्याला हा ‘डी’ आई-वडील दोघांकडून मिळालेला असेल तर सगळी मुले पॉझिटिव्ह होतात. एकाकडूनच मिळालेला असेल तर दर वेळी निम्मी शक्यता.

पोटात बाळाचे रक्त आणि आईचे रक्त वारेत शेजारून वाहते, एकमेकांत मिसळत नाही. पण वार म्हणजे आपल्याकडचा दगडी गडगा समजा. उभा असतो, अडवतो, तरी पावसात कुठून ना कुठून पाणी झिरपतेच. शेवटच्या तीन महिन्यांत थोडे झिरपते, आणि वार सुटताना, म्हणजे बाळंतपणाच्या वेळी, सगळ्यात जास्त. आईच्या रक्तात शिरलेल्या त्या पेशींवरचा ‘डी’ तिच्या शरीराला परका वाटतो आणि ते त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करू लागते. पहिल्या वेळी हे काम सावकाश चालते. शिवाय सुरुवातीच्या अँटीबॉडी आकाराने मोठ्या असतात, त्या वार ओलांडत नाहीत. त्या पक्क्या होईपर्यंत बाळ जन्मलेले असते. म्हणून पहिले बाळ बहुधा सुखरूप सुटते. सासूबाईंच्या म्हणण्यात एवढे खरे आहे.

पण शरीराने ती ओळख ठेवलेली असते. पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या वेळी लहान आकाराच्या अँटीबॉडी झपाट्याने तयार होतात, वार ओलांडतात आणि बाळाच्या तांबड्या पेशी फोडायला लागतात. बाळाचे रक्त कमी होत जाते, हृदयावर ताण येतो, पोटात आणि अंगात पाणी साठते. काही बाळे पोटातच जातात. जन्मलेल्यांना पहिल्याच दिवशी कावीळ चढते. इंजेक्शन घ्यायचे ते या पुढच्या बाळांसाठी, आणि ते शरीराची ओळख होण्याआधी घ्यावे लागते. एकदा अँटीबॉडी तयार झाल्या की अँटी-डीचा काही उपयोग होत नाही.

‘आमका पाच झाली, कोणी रगत तपासल्यान नाय,’ हे मालवणकडच्या आज्यांकडून मी खूप ऐकते. त्यांचे म्हणणे खोटे नसते. शंभरातल्या पंचाण्णव जणी मुळात पॉझिटिव्ह, त्यांना हा प्रश्नच नाही. निगेटिव्ह बायकांतही इंजेक्शनाशिवाय, बाळ पॉझिटिव्ह असताना, साधारण सहांतल्या एकीच्याच अंगात अँटीबॉडी होतात. आई आणि बाळ यांचे ए-बी-ओ गट जुळत नसतील तर त्याहून कमी, कारण तेव्हा आईच्या रक्तात आधीपासून असलेल्या ए किंवा बी विरुद्धच्या अँटीबॉडीच बाळाच्या शिरलेल्या पेशी आधी संपवून टाकतात.

इथे तुमची एक गोष्ट ध्यानात घ्या. तुम्ही बी, नवरा ओ. तुमचे बाळ बी किंवा ओ यांपैकीच होणार, म्हणजे त्याचे रक्त या बाबतीत तुमच्याशी जुळणार. तो नैसर्गिक आधार तुम्हाला नाही. म्हणून ‘बघू पुढच्या खेपेला’ हा सल्ला निदान तुम्ही तरी मानू नका.

आणि त्या पाच मुलांच्या आज्यांच्याच गावात, पहिली एक-दोन जगली आणि मग एकामागून एक पोटात गेली, अशाही बायका होत्या. त्यांच्यासाठी लोकांनी बाधा बघितली, करणी म्हटले, त्या बाईलाच अवलक्षणी ठरवले. त्यांतल्या कितीजणी नुसत्या निगेटिव्ह होत्या हे आता कळायचा मार्ग नाही. ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालायला माझी अजिबात हरकत नाही, माझ्या घरचेही घालतात. गाऱ्हाणे घाला आणि इंजेक्शनही घ्या.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या या गटाला ‘आरएच’ म्हणतात आणि त्या नावामुळे आणखी एक गैरसमज आहे, की इंजेक्शन माकडापासून करतात. १९४० मध्ये कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी ऱ्हीसस जातीच्या माकडांच्या रक्तावरून हा घटक दाखवला, म्हणून ते नाव पडले. इंजेक्शन माकडापासून होत नाही. १९६८ मध्ये ते अमेरिकेत वापरात आले, तेव्हापासून ते माणसांनी दिलेल्या प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवातून, तयार करतात. आता प्रयोगशाळेत बनवलेला प्रकारही मिळतो. ऑस्ट्रेलियातले जेम्स हॅरिसन यांच्या रक्तात ही अँटीबॉडी भरपूर होती. त्यांनी १९५४ ते २०१८ या काळात ११७३ वेळा रक्त आणि प्लाझ्मा दिला. २०२५ मध्ये ते गेले. कुणा अनोळखी माणसांनी अशी सुई टोचून घेतली म्हणून ती बाटली आपल्या फ्रिजपर्यंत येते. इंजेक्शनाला नाक मुरडणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

आता मुख्य मुद्दा. रत्नागिरी जिल्ह्यात इतकी वर्षे बाळंतपणे करून माझे असे मत झाले आहे की आपल्याकडे अँटी-डी अज्ञानामुळे कमी चुकते, प्रवासामुळे जास्त चुकते. पहिले इंजेक्शन अठ्ठाविसाव्या आठवड्यात घ्यायचे असते. अठ्ठाविसावा आठवडा म्हणजे सातवा महिना. आणि सातव्या महिन्यातच ओटीभरण होते, बाई मुंबईहून गावी येते, सासरहून माहेरी जाते. मुंबईच्या डॉक्टरला वाटते, आता ही गावी जाणार, तिथे घेईल. गावच्या डॉक्टरला वाटते, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात झालेच असेल. बाई म्हणते, ‘एक इंजेक्शन दिले होते दंडात,’ आणि ते धनुर्वाताचे निघते. यात कुणाचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. ते इंजेक्शन दोन घरांच्या आणि दोन डॉक्टरांच्या मध्ये पडून राहते.

तुमच्या तारखेवरून अठ्ठावीस आठवडे मेच्या मध्याला भरतात. माझा सल्ला असा, की ओटीभरणाचा दिवस ठरवताना हा आठवडा डोळ्यांसमोर ठेवा. जमत असेल तर डोंबिवलीतच, अठ्ठावीस पूर्ण झाल्यावर, आधी आयसीटीसाठी रक्त द्या, मग इंजेक्शन घ्या आणि मग निघा. दोन दिवसांनी गाडीत बसायला काही अडचण नसते. सुट्टीमुळे मेच्या पहिल्याच आठवड्यात निघावे लागणार असेल तर इंजेक्शन गावी घ्यायचे, पण कुठे ते निघण्याआधी फोन करून पक्के करायचे. अठ्ठावीस ते तीस आठवडे या मुदतीत कधीही चालते. एखादा दिवस मागेपुढे झाला म्हणून जीव टांगणीला लावू नका, पण ते सोडून देऊ नका.

आयसीटीचे रक्त इंजेक्शनाच्या आधीच काढायचे. छोट्या गावातली लॅब हा नमुना बऱ्याचदा बाहेर पाठवते आणि रिपोर्टला दोन-चार दिवस जातात. तुमची आधीची टेस्ट निगेटिव्ह आहे, तेव्हा नमुना काढून झाला की रिपोर्टसाठी थांबून मुदत घालवण्यापेक्षा इंजेक्शन घेणे चांगले. डोस ३०० मायक्रोग्रॅम, बाटलीवर तोच १५०० आययू असाही लिहिलेला असतो. ते दंडात, स्नायूत देतात. दंड दुखतो, क्वचित कणकण येते. इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच बसा.

मुंबईहून इंजेक्शन विकत घेऊन पर्समधून आणू नका. ते २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, आणि मे महिन्यात मुंबई-गोवा रस्त्याने रात्रभराच्या बसमध्ये ते खराब होऊ शकते. बर्फात थेट पुरले तर गोठूनही निकामी होते. गावी घेताना विचारायला लाजू नका: फ्रिज चालू होता का, वीज किती वेळ गेली होती? वादळवाऱ्यात आपल्याकडे दोन-दोन दिवस वीज नसते, हे सगळ्यांना माहीत आहे. चांगला औषधवाला या प्रश्नाने चिडत नाही. मालवण, कुडाळ, कणकवली, राजापूर, रत्नागिरी या ठिकाणी हे मिळते, मात्र छोट्या दुकानात ते रोज ठेवलेले नसते, मागवून घ्यावे लागते. चार-पाच दिवस आधी सांगून ठेवा. बाहेर त्याला काही हजार रुपये पडतात. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या, औषधे, रक्त आणि प्रवास जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मोफत असतात, ही योजना २०११ पासून आहे. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात अँटी-डी शिल्लक आहे का, हे आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या नर्सताईंना आठवडाभर आधी चौकशी करायला सांगा. त्या हे काम मनापासून करतात.

इंजेक्शन झाल्यावर लिहून घ्यायचे. माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात: बी निगेटिव्ह. त्याखाली आयसीटीची तारीख आणि निकाल, अँटी-डीची तारीख, कितवा आठवडा, किती डोस, आणि बाटलीवरचे लेबल तिथेच चिकटवायला सांगा. त्या पानाचा फोटो तुमच्या, नवऱ्याच्या आणि आईच्या फोनमध्ये ठेवा. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. जुलैत भिजून शाई पसरलेली कार्डे मी इतकी पाहिली आहेत की हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. अँटी-डी म्हणजे बाहेरून दिलेल्या अँटीबॉडीच. त्या काही आठवडे रक्तात दिसतात. समजा जूनमध्ये राजापूरच्या डॉक्टरांनी पुन्हा आयसीटी केली तर ती हलकी पॉझिटिव्ह येऊ शकते. इंजेक्शनाची तारीख समोर असली तर त्यांना लगेच कळते, नसली तर घरभर घबराट. तुमच्यासारख्या बाईला थेट कोल्हापूरला पाठवले जाते आणि अँटीबॉडी आधीच झाल्या असे समजून बाळंतपणानंतरचे इंजेक्शनही टाळले जाते. हे दुसरे नुकसान जास्त मोठे.

मधल्या काळात अंगावर रक्त गेले, पडलात, पोटावर मार बसला, दुचाकीवरून घसरलात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी ७२ तासांच्या आत जास्तीचे अँटी-डी लागू शकते, अठ्ठाविसाव्या आठवड्याचे झालेले असले तरी. वार सुटत तर नाही ना, हेही त्याच वेळी पाहायचे असते. नुसती खड्ड्यातून गाडी आदळली म्हणून इंजेक्शन लागत नाही, नाहीतर आपल्या रस्त्यांवर रोजच घ्यावे लागले असते.

नवऱ्याचा गट मात्र एकदा नीट तपासून घ्या. लायसन्सवर किंवा कंपनीच्या ओळखपत्रावर छापलेला गट मी धरत नाही. तुमच्या बाबतीत तो पॉझिटिव्हच आहे, त्यामुळे तसा फरक पडत नाही, पण ‘नवरा निगेटिव्ह आहे, इंजेक्शन नको’ असे जिथे म्हणतात तिथे या तपासणीवर सगळे अवलंबून असते. कधीकधी एक लॅब निगेटिव्ह म्हणते आणि दुसरी पॉझिटिव्ह. तेव्हा बहुधा ‘डी’ क्षीण स्वरूपात असतो. अशा वेळी आईला निगेटिव्ह धरून इंजेक्शन द्यावे आणि वडिलांना पॉझिटिव्ह धरावे, म्हणजे चूक झालीच तरी ती सुरक्षित होते. आणि कोणत्याही खासगी कारणाने एखाद्या बाईला वाटत असेल की नवऱ्याच्या गटावर विसंबू नये, तर तिने फक्त ‘मला इंजेक्शन हवे’ एवढे सांगावे. आम्ही पुढे विचारत नाही.

बाळंतपणाच्या दिवशीचे काम थोडे पण नेमके असते. वार पडण्याच्या वेळी नाळेतून बाळाचे रक्त घ्यायचे: रक्तगट, डायरेक्ट कूम्ब्स (बाळाच्या पेशींना अँटीबॉडी चिकटल्या आहेत का ते पाहणारी तपासणी), हिमोग्लोबिन आणि बिलिरुबिन (ज्याने कावीळ दिसते तो पिवळा घटक). कळा सुरू झाल्यावर दाखल होताना तुमच्या आईने प्रत्येक पाळीच्या सिस्टरला हे सांगावे. बाळ पॉझिटिव्ह निघाले तर तुम्हाला ७२ तासांत दुसरे इंजेक्शन, पुन्हा ३०० मायक्रोग्रॅम. सातव्या महिन्यात घेतले म्हणून हे टळत नाही. बाळ निगेटिव्ह निघाले तर काही नको. रविवार आला, लॅब बंद, रिपोर्ट येत नाही, असे झाले तर वाट बघत मुदत संपवू नका, इंजेक्शन घेऊन टाका. काही कारणाने ७२ तास उलटून गेले तरी सोडायचे नाही. उशिरा दिलेल्याचाही काही फायदा होतो, २८ दिवसांपर्यंत ते देतात. ‘आता काय उपयोग’ म्हणून परत पाठवले तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा.

एका बाटलीने बाळाच्या साधारण ३० मिलीलीटर रक्ताचा बंदोबस्त होतो. बहुतेक बाळंतपणांत झिरपलेले रक्त याहून बरेच कमी असते. पण वार हाताने काढावी लागली, वार आधीच सुटली, जुळी झाली, सिझेरियनमध्ये गुंतागुंत झाली, तर जास्त रक्त उतरलेले असू शकते. तेव्हा आईच्या रक्तात बाळाच्या किती पेशी आहेत हे मोजणारी तपासणी करतात आणि गरज पडली तर आणखी बाटल्या देतात. ही सोय तालुक्याच्या गावी नसते, नमुना मोठ्या केंद्रात पाठवावा लागतो. यांपैकी काही घडले तर ‘एक बाटली पुरेल का?’ एवढे डॉक्टरांना विचारा.

लगेच मुले बंद होण्याचे ऑपरेशन करणार असलात तरी इंजेक्शन घ्यावे, असे मी म्हणते. ऑपरेशन क्वचित फसते, आयुष्य बदलते, पुढे कधी रक्त घ्यायची वेळ येते.

सातव्या महिन्याचे आणि बाळंतपणानंतरचे, दोन्ही इंजेक्शने वेळेवर झाली तर अँटीबॉडी तयार होण्याचा धोका हजारात एक-दोघींपर्यंत खाली येतो. नुसते बाळंतपणानंतरचेच घेतले तर शंभरात एक-दोघी. यावरून सातव्या महिन्याच्या इंजेक्शनाची किंमत कळते.

आता बाळाची कावीळ. तुमच्या अंगात अँटीबॉडी नाहीत, तेव्हा या कारणाने बाळाला जोराची कावीळ होण्याची शक्यता फार कमी. सगळ्या बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो तो हलका पिवळेपणा तुमच्याही बाळाला येऊ शकतो आणि तो जातो. तरी निगेटिव्ह आईने काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ कधीच साधी नसते. पिवळेपणा पोटापासून खाली तळपायांपर्यंत उतरला, बाळ मलूल झाले, दूध ओढेना, रडणे चिरके झाले, तर रात्र असो, पाऊस असो, निघायचे. १०२ किंवा १०८ ला फोन करा. कोवळे ऊन दाखवून बघू असे म्हणत थांबू नका. ऑगस्टात आपल्याकडे ऊन असतेच कुठे, आणि उन्हाने अशी कावीळ उतरत नाही. झाडपाल्याचे औषध, नाकात-डोळ्यांत थेंब, हे नवजात बाळाला अजिबात नको. बिलिरुबिन फार वाढले तर ते मेंदूत उतरते आणि ते नुकसान कायमचे असते. वेळेत पोहोचलेल्या बाळाला बहुतेक वेळा निळ्या दिव्याखाली ठेवून भागते. क्वचित रक्त बदलावे लागते. दूध मात्र पहिल्या तासापासून पाजा. चिकापासूनच. तुमच्या रक्तगटाचा दुधाशी काही संबंध नाही.

ज्यांची आयसीटी आधीच पॉझिटिव्ह आहे, त्यांच्यासाठी थोडे. तुमची वाट वेगळी आहे, पण ती बंद नाही. अँटीबॉडीचे प्रमाण ठराविक अंतराने मोजत राहतात. ते १:१६ किंवा १:३२ च्या पुढे गेले तर बाळाच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीतला रक्ताचा वेग डॉप्लर सोनोग्राफीवर पाहतात. रक्त पातळ झाले की वेग वाढतो, म्हणून सुई न घालताच बाळाचे रक्त किती कमी झाले याचा अंदाज येतो. फारच कमी झाले तर पोटातल्या बाळाला नाळेतून रक्त चढवतात. हे मोजक्या केंद्रांत होते, आपल्याला त्यासाठी मुंबई-पुण्याकडे जावे लागते. सिंधुदुर्गातली बरीच कुटुंबे मोठ्या उपचाराला गोव्यात बांबोळीला जातात, रत्नागिरीकडची आंबा घाटाने कोल्हापूरला. पण निघण्याआधी तिथे नेमकी हीच सोय आहे का ते फोनवर विचारा. पावसाळ्यात घाट बंद पडतात, म्हणून अशा बाईने शेवटचे दोन महिने मोठ्या केंद्राजवळच, नातेवाइकांकडे राहावे. पहिले बाळंतपण माहेरी हा रिवाज इथे बाजूला ठेवावा लागला तरी ठेवावा. आईने तिकडे जाऊन राहावे. अशी बाळे जन्मल्यावर बरी दिसली तरी पुढचे दोन-तीन महिने त्यांचे हिमोग्लोबिन तपासत राहायचे असते, कारण आईकडून आलेल्या अँटीबॉडी तोवर पेशी फोडत राहतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, रक्ताचा. निगेटिव्ह आईला बाळंतपणात जास्त रक्तस्राव होतो असे नाही. अडचण एवढीच, की लागले तर मिळायला वेळ लागतो. तुम्हाला बी निगेटिव्ह किंवा ओ निगेटिव्ह चालते. जिल्ह्याच्या रक्तपेढीतही त्या दिवशी ते असेलच असे नाही. म्हणून सगळ्यात आधी तुमचे स्वतःचे हिमोग्लोबिन ११ च्या वर आणा. लोहाच्या गोळ्या नेमाने घ्या, नाचणीची भाकरी, कुळीथ, लाल माठ जेवणात असू द्या, जेवणावर लिंबू पिळा, जेवताना चहा नको. दुसरे, सख्ख्या भावाबहिणींचे रक्तगट आताच तपासून घ्या, कारण निगेटिव्ह गट सख्ख्या भावंडांत सापडण्याची शक्यता बाहेरच्यांपेक्षा बरीच जास्त असते. जुलैच्या शेवटी माहेरच्या जवळ राहणारे, फोन उचलणारे दोन-तीन निगेटिव्ह दाते ठरवून ठेवा आणि त्यांची नावे रक्तपेढीत कळवा. चाकरमानी भाऊ मुंबईत असेल तर त्याला धरू नका, ऑगस्टात तो गणपतीच्या रजेची वाट बघत असणार. नवऱ्याचे रक्त तुम्हाला चालणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी ते दंड पुढे करून रक्तपेढीच्या दारात उभे राहणार नाहीत आणि तेवढ्या वेळात दुसरी धावपळ करता येईल.